साठ पावलांवरचं माहेर

५ जानेवारी २०२६, सोमवार, रेगेन्सबर्ग, जर्मनी

जयंतनं, माझ्या जुन्या मालकानं, पाठवलेली डायरी आज उघडली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दर डिसेंबरला त्याच्या ट्रॅव्हल कंपनीची डायरी मला घरपोच येते. तिथे एकतीस वर्षं मी सहली आखल्या. चाळीस-चाळीस माणसं बद्रीनाथला नेली आणि एकही न हरवता परत आणली. रोज मुक्कामी पोचलं की ऑफिसला एकच वाक्य कळवायचं: सर्व सभासद पोहोचले. ते कळवल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नसे.

ह्या वेळी सभासद चारच. मी, मुलगा अनय, सून लान आणि सात वर्षांची नात अन्वी. जायचंय लानच्या माहेरी, चीनमधल्या शाओशिंगला. शांघायपासून आगगाडीनं सव्वा तास.

अनय आणि लान इथल्याच विद्यापीठात भेटले. आता तो सॉफ्टवेअरमध्ये आणि ती मोटारींच्या कारखान्यात रंगविभागात. लग्न झालं रजिस्टर, आठ वर्षांपूर्वी. लानच्या आईवडिलांचा व्हिसा वेळेत आला नाही आणि दोन्ही घरांतून मी एकटीच हजर. वीस मिनिटांत सह्या झाल्या, मग कॉफी. विहिणीची पंगत राहूनच गेली, कारण विहीणच नव्हती. पुढे लानचे वडीलही वारले, दोन वर्षं होतील. मी दर हिवाळ्यात पुण्याहून तीन महिने इथे येते, पण विहीणबाईंना अजून फक्त फोनच्या काचेत पाहिलंय. दिवाळीत अनयला म्हटलं, पुरे झालं, मी आखते.

अन्वीच्या शाळेला फाशिंगची, म्हणजे इथल्या कार्निवलची, सुट्टी सोळा ते वीस फेब्रुवारी. एरवी एक दिवस जरी मूल शाळेतून काढलं तरी इथे शाळा पत्र पाठवते. आणि चिनी नवं वर्ष बरोबर सतराला! एका दगडात दोन पक्षी. तिकिटं काढली, चीनचा व्हिसा मुंबईहून घेऊनच निघाले. पंधराला पोचायचं, सोळाला वर्षाअखेरचं जेवण विहीणबाईंकडे.

लानला हे सांगितलं तेव्हा ती "थँक यू, आई" म्हणाली आणि भांडी घासायला उभी राहिली. ह्या घरात भांडी मशीन घासतं.

९ जानेवारी, शुक्रवार

माझ्या दगडानं पक्षी नाही, माझाच पाय जायबंदी केला. अनय जेवताना सहज म्हणाला, "आई, तुला माहितीये ना, तेव्हा तिकडे ऑलमोस्ट सगळं बंद असतं? शॉप्स, रेस्टॉरंट्स, मार्केट. आठ दिवस."

मला कुठून माहीत असणार? इथे दर रविवारी अख्खा देश दुकानं मिटून बसतो आणि शनिवारी संध्याकाळी लोक उद्या महापूर येणार असल्यासारखे दूध-पाव भरतात, त्याची मला सवय आहे. पण सलग आठ दिवस? आणि मी शाकाहारी.

"मग तिकिटं काढताना का नाही बोललास?"

"तू इतकी एक्सायटेड होतीस."

म्हणजे एकतीस वर्षं आखणी करणारी बाई उत्साहात होती म्हणून कोणी तिला खड्डा दाखवला नाही. रागावले. पण खरं सांगायचं तर थोडी खूशही झाले. सगळं उघडं असताना कोणीही सहल काढील. भाजणी, मेतकूट, पोहे, कोरडी चटणी, अशी यादी केली.

लान म्हणाली, आपण तीन दिवस शांघायला हॉटेलात राहू आणि अठराला आईकडे जाऊ. शांघायला हॉटेलं चालू असतात, तुम्हाला जेवायला मिळेल. माझ्या जेवणाची काळजी करते, गुणी आहे. पण हजारो मैल जाऊन सणाच्या दिवशी हॉटेलात? मी नाही म्हटलं.

१२ जानेवारी, सोमवार

लाननं पुन्हा अठराचा विषय काढला. पुन्हा तेच, शांघाय छान आहे, अन्वीला टॉवर दाखवू.

मला कळत नाही. मुलगी माहेरी निघाली की दिवस मोजते, आणि ही दिवस वाढवते आहे. दोन वर्षं गेलेली नाही, आई एकटी, तरी हिला ओढ म्हणून नाही. बाकी हिच्यात नाव ठेवायला जागा नाही. मागच्या वर्षी माझा गुडघा धरला होता, तर कारखान्यातून आल्यावर रोज पाऊण तास शेकायची. स्वभावच थंड असेल.

१८ जानेवारी, रविवार

आज अपमान झाला. लिहून मोकळी होते.

सकाळी विहीणबाईंचा फोन होता. त्यांना चिनीखेरीज काही येत नाही, मला मराठी आणि लानशी बोलण्यापुरतं इंग्रजी. पण आमच्यात एक दुभाषी आहे. अन्वीला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये देते. आणि आईच्या आईशी, म्हणजे तिच्या वायपोशी, ती चिनी बोलते. मी म्हटलं, "अन्वी, वायपोला सांग, आम्ही सगळे सोळाला जेवायला तुमच्याकडे."

अन्वीनं सांगितलं. विहीणबाई हसल्या, मान हलवली, हात हलवला आणि बरंच बोलल्या. लान मधेच काहीतरी म्हणाली तर तिला थांबवलं. अन्वीनं ते जर्मनमध्ये सांगितलं आणि अनयनं मला.

"त्या म्हणतायत, सोळाला नको. अठराला या. सोळाला लान तुमची असते."

सोळाला नको! पाहुण्याला दारापर्यंत बोलवायचं आणि सणाच्या ताटावर नको म्हणायचं? आमच्याकडे सणाच्या दिवशी आलेल्या पोस्टमनलाही कोणी रिकाम्या हाती पाठवत नाही. मी "बरं" म्हटलं आणि उठले. विहीणबाई मात्र हात हलवतच होत्या. त्यांच्या मागे जेवणाचं टेबल दिसत होतं, चार खुर्च्यांचं. तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते.

२१ जानेवारी, बुधवार

तळघरात कपडे वाळत घालायला गेले तर लान तिथेच, वॉशिंग मशीनपाशी, फोनवर आईशी बोलत होती. मला पाहून डोळे पुसले आणि म्हणाली, पावडरचा वास. पावडर मीच बदलायला सांगितली होती, तिलाही सोसत नसेल तर जुनी आणू.

२४ जानेवारी, शनिवार

आज अनयला बाजारात नेलं आणि परतताना दगडी पुलावर गाठलं. वारा बोचरा होता, त्याला पळता येईना. म्हटलं, तुझ्या सासूबाईंना मी नको असेन तर तिकीट रद्द करते.

त्यानं सगळं सांगितलं ते असं. त्यांच्याकडे वर्षाची शेवटची संध्याकाळ सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायची असते. पण लग्न झालेल्या मुलीनं ती संध्याकाळ सासरीच काढायची. नव्या वर्षाचा पहिला दिवसही सासरी. माहेरी जायचं ते दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला आणि मुलांना घेऊन. मुलगी त्या रात्री माहेरी जेवली तर माहेरचं वाईट होतं, असं मानतात. हल्ली शहरात कोणी पाळत नाही. पण विहीणबाई पाळतात.

"आणि लान? ती तर इंजिनियर आहे."

अनयनं हातातली पिशवी कठड्यावर ठेवली. "आई, दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा सीरियस होते. तेव्हा ती एकटीच गेली. बरोबर त्याच संध्याकाळी पोचली, बाबांच्या शेजारी बसून जेवली. मार्चमध्ये ते गेले. तिची आई तिला एक शब्द बोलली नाही. पण लानच्या डोक्यातून ते जात नाही. ती म्हणते, आता एकच राहिलीये, तिला मी काही होऊ देणार नाही."

लान एकुलती एक. म्हणजे त्या संध्याकाळी विहीणबाई एकट्याच बसतात. चीनभर माणसं आपापल्या घरी पोचलेली असतात आणि ह्या खुर्च्यांवरच्या वर्तमानपत्रांबरोबर जेवतात.

मी बावळट. "तुमची असते" म्हणाल्या त्या. मला नाकारत नव्हत्या, आपला हक्क माझ्या पदरात टाकत होत्या.

२५ जानेवारी, रविवार

सगळं बंद, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ.

मागच्या वर्षी जानेवारी संपताना लाननं एका साध्या मंगळवारी आठ पदार्थ केले होते. रजा काढली होती. सात माझ्यासाठी शाकाहारी आणि एक मासा त्यांना, तोही अर्धा तसाच ठेवला. टेबलावर लाल कापड. मी विचारलं, कोणाचा वाढदिवस? तर म्हणाली, नाही, असंच. माझं डोकं दुखत होतं. मी ताकभात कालवून घेतला आणि आठला झोपले.

आज कॅलेंडर पाहिलं. तो त्यांचा वर्षाचा शेवटचा दिवस होता. आई तिकडे एकटी, आणि ही इकडे सासूसाठी आठ पदार्थ मांडून बसली, कारण ती संध्याकाळ सासूची. आणि सासू झोपली.

मी हिला थंड म्हटलं ते ह्याच डायरीत वर आहे. पान फाडणार नाही, तिथेच राहू दे.

२७ जानेवारी, मंगळवार

शांघायच्या हॉटेलात तीन रात्री राहायचं ठरत होतं, म्हणजे विहीणबाई पुन्हा एकट्या. मी समजूत काढायचा प्रयत्न केला, म्हटलं, असल्या गोष्टींनी काही होत नाही गं. लान म्हणाली, "आय नो, आई." आणि हललीही नाही. तिला हसायचा मला अधिकार नाही. अमावास्येला मी एकतीस वर्षांत एक बस सोडलेली नाही. ड्रायव्हर हसायचे, जयंत डोकं धरून बसायचा, पण माझी बस निघायची प्रतिपदेला. सोळाच्या संध्याकाळी अमावास्याच लागते.

म्हणजे नियम मोडायचा नाही. नियमात बसवायचं. सरकारी विश्रामगृहांशी जन्मभर हेच तर केलं.

आंघोळ करताना सुचलं. मुलीनं ती संध्याकाळ सासरी काढायची. सासर म्हणजे काय? रेगेन्सबर्गचा हा भाड्याचा फ्लॅट? पुण्यातलं घर? सासू जिथे चूल मांडील ते सासर.

केस ओलेच होते, तशीच अनयकडे गेले. म्हटलं, तुझ्या सासूबाईंच्या घराजवळ आठवड्यासाठी एखादं बिऱ्हाड बघ. जितकं जवळ मिळेल तितकं. त्यानं लानचा फोन घेतला, कारण ॲप चिनीत. त्यामुळे लानलाच वाचायला बसावं लागलं. एक जागा होती. स्वयंपाकघर आहे, पण मालक गावी जाणार, किल्ली दारावरच्या पेटीत, बावीसपर्यंत कोणी फिरकणार नाही, आजूबाजूला सगळं बंद. लान पत्ता वाचता वाचता थांबली.

"आई, हे त्याच आवारात आहे. आमची बिल्डिंग तीन नंबर. ही पाच."

"गेनाऊ," मी म्हटलं. मला येणारा एकमेव जर्मन शब्द, म्हणजे अगदी बरोबर.

"पण हे सासर कसं? हे तर कोणा दुसऱ्याचं घर."

"माझ्या नावावर घेऊ. देवाचा फोटो मी मांडणार, पहिलं दूध मी तापवणार. मग सासर कोणाचं? सोळाला तू माझ्या घरी जेवशील. आणि माझ्या घरी कोणाला जेवायला बोलवायचं, ते मी ठरवणार."

लान उठली. ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ह्या वेळी भांडी घासायला घेतली नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

शांघायहून पुढची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात. आमच्यासाठी सकाळी सहाला. अनय लॅपटॉपवर, लान फोनवर, मी मागे पासपोर्टांचे नंबर घेऊन उभी. पहिली गाडी दोन मिनिटांत भरली. दुसरीची तीन तिकिटं आली आणि गेली. तिसऱ्या गाडीत चार जागा, वेगवेगळ्या डब्यांत. लान "हो!" म्हणून अशी ओरडली की अन्वी उठून आली.

मी सहलींच्या गर्दीत जन्म काढला, पण हे काही वेगळंच. लान म्हणाली, ह्या चाळीस दिवसांत कोट्यवधी माणसं हलतात. दुकानदार, स्वयंपाकी, कारखान्यातली पोरं, सगळी. मी विचारलं, एवढी सगळी कुठे जातात? तिला प्रश्नच कळला नाही. "आई, घरी."

दुकानं बंद का असतात ते मला आज कळलं. दुकानदारालाही आई असते. एवढं चालतं गिऱ्हाईक सोडून तो शटर ओढतो आणि जातो, ह्या माणसांना माझा नमस्कार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विहीणबाईंना आमंत्रण. खास साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसले. लान भाषांतर करणार होती.

मी म्हटलं, "विहीणबाई, सोळाला तुमच्या घरी येत नाही. तुमचा शब्द पाळते. पण माझं बिऱ्हाड पाच नंबरमध्ये आहे. संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे जेवायला या. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरी जेवत नसत. मूल झालं की मोकळीक. अन्वी सात वर्षांची झाली, तुमच्यावर सात वर्षांची जेवणं थकली आहेत. आणि लग्नातली विहिणीची पंगत माझ्याकडे आठ वर्षांपासून राहिली आहे."

"लेकीला मूल" इथपर्यंत लाननं सांगितलं आणि उठून गेली. मग आमची दुभाषी पुढे सरकली. तिनं पंगतीपर्यंत सगळं सांगितलं, हातवारे करून.

पलीकडे विहीणबाई खिडकीशी जाऊन बाहेर पाहून आल्या.  मग त्यांनी विचारलं, पाच नंबर, म्हणजे झाडापलीकडचं? हो. कितवा मजला? दुसरा.  मग एक लांब वाक्य. अन्वीनं खुदकन हसून ते जर्मनमध्ये सांगितलं आणि अनयनं मला, "त्या म्हणतात, अख्खं सासर उचलून आणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आणि पाहुणी म्हणून यायचं तर रिकाम्या हातानं येणार नाही. मासा मी आणीन."

आणू देत. माझ्या स्वयंपाकघरात मासा पहिल्यांदाच शिजलेला येईल. त्याचं प्रायश्चित्त पुण्याला गेल्यावर बघू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅगा भरल्या. चणाडाळ, गूळ, कणीक, वेलदोडे, रांगोळी, हळद-कुंकू, गणपतीचा फोटो. पोळपाट-लाटणं अनयनं बाहेर काढलं, मी आत ठेवलं, त्यानं पुन्हा बाहेर काढलं. शेवटी वजनकाट्यानं त्याची बाजू घेतली.

लाननं बॅगेत तळाशी एक छोटा चिनी मातीचा पेला मोज्यात गुंडाळून ठेवला. वडिलांचा म्हणाली, दोन वर्षांपूर्वी आणलेला. कशाला न्यायचा, मी विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, शाओशिंग

आज महाशिवरात्र. उपवासाच्या दिवशी दुकानं बंद असली काय नि उघडी असली काय, म्हणून मी निर्धास्त होते. पण उद्याचं सामान आजच घ्यायला हवं. मंडई चारला मिटणार आणि आम्ही टॅक्सीतून उतरलो तीन वाजून दहा मिनिटांनी. किल्लीच्या पेटीचा आकडा चुकला, लाननं मालकाला फोन केला, तो कुठल्याशा डोंगरातल्या गाडीतून ओरडून बोलला. बॅगा दारात टाकून लान आणि मी पळालो.

निम्मी शटरं खाली आली होती. प्रत्येकावर लाल कागद, पुन्हा उघडण्याची तारीख आणि शुभेच्छा. लान वाचत होती, "हा नव्या वर्षाच्या आठव्या दिवशी उघडणार. हा पंधराव्या दिवशी, त्याचं गाव लांब आहे." एक भाजीवाली गाडीवर गाठोडी बांधत होती. लाननं तिला काय सांगितलं कोण जाणे, तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि पालक, मुळा, बांबूचे कोवळे कोंब काढून दिले. वर आल्याचा एक तुकडा हातावर ठेवला. तिची बस पाचची होती. बायकांना बायकांची घाई कळते.

लानचं हे रूप मी पाहिलेलं नव्हतं. घासाघीस करत होती, हसत होती, कोपरानं वाट काढत होती. जर्मनीत ती इतकी हळू बोलते की मी तिला मवाळ समजत होते.

घर बरं आहे. खिडकीतून आवार दिसतं, मधे एक झाड, पलीकडे तीन नंबर. दुसऱ्या मजल्यावर दिवा होता आणि खिडकीत एक बुटकी बाई उभी. लाननं हात केला. तिनं हात केला. दोघी नुसत्या उभ्या. मी म्हटलं, अगं जा ना पाच मिनिटं. लान म्हणाली, "नाही आई, अठराला."

सवयीनं "सर्व सभासद पोहोचले" लिहायला गेले आणि थांबले. एक सभासद अजून पोहोचायची आहे. मी खाली जाऊन तीन नंबरच्या दारापर्यंतचं अंतर मोजून आले. साठ पावलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुरणपोळ्या बिअरच्या बाटलीनं लाटल्या. पहिल्या दोन फाटल्या, मग बाटलीला माझा हात कळला. लाननं सहा भाज्या केल्या. दारावर तिनं लाल कागद चिकटवला, उंबऱ्याशी मी रांगोळी काढली. जिन्यात एक आजोबा बराच वेळ रांगोळी बघत थांबले आणि मग भिंतीला चिकटून, चवड्यांवर गेले, पुसू नये म्हणून.

सहाला दार वाजलं. विहीणबाई माझ्या खांद्याएवढ्या. नवं लाल स्वेटर, केस कलपाशिवाय पांढरे, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. आत यायच्या आधी त्यांनी मला वाकून काहीतरी म्हटलं, अगदी औपचारिक. पाहुणी घरधनिणीला म्हणते तसं असणार. मी कुंकू लावलं. विधवेनं विधवेला लावलं, आणि आभाळ कोसळलं नाही.

ताटाभोवती रांगोळी काढली, टेबलावरच. वाढायला मी उभी राहिले आणि कोणाला उठू दिलं नाही. पंगतीत गाणी म्हणायची असतात. माझा आवाज बसका, तरी विहिणीच्या थट्टेच्या दोन ओळी म्हटल्या. त्या हसल्या आणि त्यांनीही काहीतरी गाऊन उत्तर दिलं. अन्वीनं दोन्ही बाजूंनी भाषांतराला नकार दिला.

पुरणपोळी त्यांनी तीन खाल्ल्या. मासा मात्र अर्धा राहिला. मला वाटलं, माझ्यासमोर खायला संकोचल्या, पण लान म्हणाली, मुद्दाम ठेवतात, नव्या वर्षात उरावं म्हणून.

एक पाहिलं. लाननं मोज्यातला तो पेला काढला, आईच्या ताटाशेजारी ठेवला आणि विहीणबाईंनी त्यात इथली तांदळाची दारू ओतली. त्याच्यापुढे एक पुरणपोळीचा तुकडाही ठेवला. कोणी प्यायलं नाही. मी आवरायला उचलत होते, लाननं माझं मनगट हलकेच धरलं. राहू दिलं.

निघताना विहीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलत राहिल्या. लान भाषांतर करायला पुढे आली, मी तिला हातानंच थांबवलं. शब्द एकही कळत नव्हता आणि कळायचं काही राहिलंही नाही.

त्या गेल्यावर लाननं विचारलं, "आई, मी सासरी जेवले ना?"

"जेवलीस. मी वाढलं."

"नक्की?"

"एकतीस वर्षांत माझी एक आखणी चुकलेली नाही."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवं वर्ष. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आजचा दिवसही सासरचा. मायलेकी आपापल्या खिडकीत. सकाळी एकीनं चहाचा पेला उंचावून दाखवला, मग दुसरीनं. दुपारी विहीणबाईंनी खुर्च्यांवरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलले. इथून स्पष्ट दिसत होतं.

मधे मला वाटलं, पुरे झालं हे सोंग, सोडावं हिला. मग लानकडे पाहिलं. ती कंटाळलेली नव्हती. दोन वर्षांत मी तिला अशी निवांत बसलेली पाहिली नव्हती. आई समोर आहे, धडधाकट आहे, आणि नियम मोडलेला नाही. मी गप्प बसून भाजणीची थालीपिठं लावली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लान सहालाच तयार होती. केस बांधलेले, पायांत बूट, दोन्ही हातांत भेटींच्या पिशव्या. मी म्हटलं, आठला नीघ, पहाटे दार वाजवू नये. दोन तास बूट घालून खुर्चीच्या टोकावर बसली.

आठला निघाले तिघं. मी खिडकीत. झाडापर्यंत लान हळू चालली. झाड ओलांडल्यावर पिशव्या अनयच्या हातात दिल्या आणि पळाली.

विहीणबाई खालीच उभ्या होत्या. परवा ह्याच दोघी माझ्या टेबलाशी शेजारी बसून जेवल्या होत्या. पण मी शपथेवर सांगते, भेटल्या त्या आज. विहीणबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून पाहिलं, दंड चाचपले, वाळलीस म्हणाल्या असणार. मग दोघी रडल्या. दोघींनाही कशाची भीती उरली नव्हती, म्हणून मनसोक्त. अन्वी मधे घुसून त्यांना आत ढकलत होती.

विहीणबाईंनी वर पाहिलं आणि मला हातानं बोलावलं. जोरजोरात. मी बोटानं खूण केली, उद्या. त्यांनी मान हलवली. मी खिडकी लावून घेतली. आजचा दिवस लेकीचा, त्यात सासूनं मधे कडमडू नये. आणि उगाच कोणी माझं कौतुक करू नये, प्रश्न फक्त आखणीचा होता.

मग दूध तापत ठेवलं. चहा आधी करणार होते, पण डायरी उघडली.

सर्व सभासद पोहोचले.